पक्षी वळतील की!

तुमच्या फोनमध्ये तो गरुड कधी ना कधी येऊन गेलेला आहे. चाळिशी आली की म्हणे त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जातो, दगडावर आपटून चोच तोडतो, नखं उपटतो, पिसं उपटतो, पाच महिने वाट बघतो आणि नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. खाली वाक्य असतं: बदल वेदनादायी असतो, मित्रांनो. कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये ही स्लाइड असते, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पाहुणे ही गोष्ट सांगतात, आणि टाळ्या पडतात.

ही गोष्ट पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत खोटी आहे. मोकळ्या रानातले मोठे गरुड साधारण वीस-तीस वर्षं जगतात. चोच तोडलेला शिकारी पक्षी पाच महिने सोडा, पाच आठवडेही काढणार नाही, कारण तो खाणार कशाने? पिसांबद्दलची थाप तर सगळ्यात मोठी. गरुड पिसं बदलतो, पण एका वेळी थोडी, आणि दोन्ही पंखांत साधारण जोडीजोडीने. डावीकडचं एक गळलं की थोड्या फरकाने उजवीकडचं तेच. मोठ्या गरुडांना पूर्ण पंख बदलायला एका वर्षाहून जास्त काळ लागतो. हा सगळा संथपणा कशासाठी, तर एकही दिवस उडणं बंद पडू नये म्हणून. काही बदकं मात्र उडायची पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे पाण्यात, गवतात लपून काढतात. त्यांना ते परवडतं, कारण त्यांचं जेवण पाण्यातच आहे. गरुडाला परवडत नाही.

म्हणजे खरा गरुड फॉरवर्डमधल्या गरुडापेक्षा कितीतरी हुशार आहे. पण आपल्याला तो नकोय. आपल्याला आपल्या करिअरला लावायला एक पक्षी हवाय.

यात कुणाचं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. माझा मुद्दा असा, की बिघडतं. पक्षी कसा उडतो याबद्दल आपण समाज म्हणून कमालीचे बेफिकीर आहोत, आणि या बेफिकिरीची किंमत पक्षी रोज जिवाने मोजतात. आपल्या डोक्यात उडणं म्हणजे मोकळीक. पंख पसरले की आभाळ आपलं. त्यामुळे माळावरून विजेच्या तारा ओढताना, खाडीकाठी काहीही उभं करताना आपल्या तोंडी एकच वाक्य असतं: पक्षी वळतील की!

नाही वळत. आणि का वळत नाहीत, हे समजायला आधी उडणं समजावं लागतं.

लांबच्या रस्त्याची थाप

पंखाला उचल कशी मिळते? क्लासमध्ये आणि यूट्यूबवर आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं उत्तर असं: पंख वरून फुगीर असतो, खालून सपाट. वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो. तिला खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या टोकाला पोचायचं असतं, म्हणून ती जोरात धावते. जोरात धावली की दाब कमी होतो. झाला पंख वर.

यातली एकच गोष्ट विचारा: एकाच वेळी पोचायचं असतं, हे कुणी ठरवलं? हवेच्या दोन कणांनी मागच्या टोकाला भेटायचं वचन दिलेलं असतं का? केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक होल्गर बाबिन्स्की यांनी वाऱ्याच्या बोगद्यात धुराचे झोत सोडून हे डोळ्यांना दाखवून दिलं आहे. वरची हवा खालच्या हवेच्या खूप आधी पोचते. त्या दोघींची भेट होतच नाही.

आणि इतकं लांब कशाला जायचं? आपल्याकडे संक्रांतीला आभाळभर याचा पुरावा असतो. पतंग कागदाचा, पातळ. त्याच्या वरून जायला लांबचा रस्ता आणि खालून जायला जवळचा, असलं काही नसतं. तरी तो उडतो. ज्या मुलाने कन्नी बांधली आहे, त्याला खरं कारण हाताने माहीत असतं: पतंग वाऱ्याला तिरका धरला पाहिजे. कल कमी पडला की तो फडफडतो, फार झाला की गोते खातो.

पंखाचंही तेच. पंख हवेत थोडा तिरका चालतो आणि हवेचा प्रवाह खाली वळवतो. हवा खाली ढकलली गेली की पंख वर ढकलला जातो. प्रवाह असा वळतो तेव्हाच पंखाच्या वर दाब कमी होतो आणि खाली थोडा वाढतो. न्यूटन आणि बर्नुली यांचं इथे भांडण नाही, एकाच घटनेचे हे दोन हिशेब आहेत. पंखाचा बाक ही हवा अधिक सफाईने, कमी रोध सोसून वळवतो, एवढंच. कल फार वाढवला तर वरची हवा पंखाला सोडून देते, भोवरे उठतात आणि उचल एकदम कोसळते. याला स्टॉल म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हवा म्हणजे काहीच नाही, असं वाटत असेल तर हेही लक्षात ठेवा. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यातल्या हवेचं वजन साधारण ३४ किलो भरतं. पक्षी या वजनावर रेलून उडतो. पण त्यासाठी त्याला दर सेकंदाला भरपूर हवा खाली लोटावी लागते, म्हणजेच पुढे जात राहावं लागतं. थांबला की संपलं.

चुकीचं स्पष्टीकरण शिकवण्याचा तोटा इथे आहे. फुगीर पंखाच्या गोष्टीत उडणं फुकट मिळतं. आकार बरोबर असला की झालं, बाकी सगळं आपोआप. खऱ्या गोष्टीत उडणं ही प्रत्येक क्षणाला चुकती करायची उधारी आहे.

ही उधारी कोण फेडतं

फेडतो छातीचा स्नायू. चिकन ब्रेस्ट म्हणून जे तुम्ही खाता, तोच. पंख खाली मारायचं काम मोठा स्नायू करतो. गंमत अशी की पंख वर घ्यायचा स्नायूही पाठीवर नसून छातीतच, मोठ्या स्नायूच्या खाली असतो. चिकनमधली ती वेगळी निघणारी लांबट पट्टी म्हणजे तो. त्याची शीर खांद्याच्या हाडांमधल्या भोकातून वर जाते आणि विहिरीवरच्या कप्पीवरून दोर फिरावा तशी फिरून पंखाच्या हाडाला वरून चिकटते. छातीतून खाली ओढलं की पंख वर जातो. सगळं वजन खाली ठेवायची ही युक्ती आहे.

पंखाचा खांद्याकडचा भाग मुख्यतः उचल देतो, टोकाकडचा भाग पुढे ढकलतो. हाडं पोकळ, फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या, त्यामुळे श्वास आत घेताना आणि सोडतानाही फुप्फुसांतून ताजी हवा एकाच दिशेने वाहत राहते. एवढं सगळं जमवून आल्यावर काय होतं? २०२२ मध्ये एक पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता अकरा दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर जाऊन टास्मानियात पोचला. अमूर ससाणे नागालँडमध्ये थांबतात, भारत ओलांडतात आणि अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका गाठतात. वजन दोनशे ग्रॅमच्या आत.

पण हे सगळे हलके पक्षी. जड पक्षी ही उधारी चुकवायला दुसरे मार्ग शोधतात. घार बघा. पुण्यामुंबईत कुठल्याही गच्चीवरून दिसते. पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढते. खरं तर ती चढत नसतेच, ती सतत खाली घसरत असते. फक्त ज्या हवेतून ती घसरते, ती तापलेली हवा तिच्या घसरण्याहून जास्त वेगाने वर जात असते. सरकत्या जिन्यावरून हळूहळू खाली उतरणारा माणूसही वरच्या मजल्यावर पोचतो, तसंच हे. म्हणून तर घारी, गिधाडं, गरुड ऊन तापल्याशिवाय वर दिसत नाहीत.

वजन घनाने वाढतं, पंख वर्गाने

आता मुद्द्याचं गणित. एक पक्षी घ्या आणि त्याची लांबी, रुंदी, जाडी सगळं दुप्पट करा. वजन होईल आठपट, पंखाचं क्षेत्रफळ मात्र चौपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार आला. हा वाढलेला भार पेलायला वेग वाढवावा लागतो, कारण उचल वेगाच्या वर्गाने वाढते.

चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची. माळढोकाचा नर बारा ते पंधरा किलोपर्यंत भरतो. म्हणजे चारपाचशे चिमण्या एका माळढोकात. शरीराची प्रमाणं तीच धरली, तर पाचशेपट वजनाच्या पक्ष्याला हवेत टिकायला चिमणीच्या जवळजवळ पावणेतीनपट वेग लागतो. चिमणी विजेच्या तारेजवळ येऊन ऐन वेळी झपकन बाजूला होते, ते आपण रोज बघतो. तेच बघून आपण ठरवून टाकतो, की पक्षी वळतात.

आता माळढोकाचा हिशेब करू. समजा तो सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालला आहे आणि समोरची तार त्याला ३० मीटरवर दिसली. हातात दोन सेकंद.

वळायचं ठरवलं, तर त्याला एका बाजूला कलावं लागेल. ४५ अंश कलला, तर वळणाची त्रिज्या सुमारे २३ मीटर. तार तर डावी-उजवीकडे पुढच्या टॉवरपर्यंत गेलेली, त्यामुळे निदान तारेला समांतर होईपर्यंत त्याला वळावंच लागेल. त्यात ३० पैकी २३ मीटर संपले. उरले सात. ओळखायला, ठरवायला आणि अंग कलंडायला मिळून अर्ध्या सेकंदापेक्षा कमी. शिवाय कलल्यावर पंखाची काही उचल बाजूला जाते, म्हणून उंची टिकवायला नेहमीपेक्षा १.४ पट उचल लागते. ती पंधरा किलोच्या पक्ष्याने कुठून आणायची?

बरं, वर जायचं ठरवलं तर? बारा किलोच्या पक्ष्याला दोन सेकंदांत पाच मीटर उचलायला जवळजवळ ३०० वॅट लागतात, आणि तेही नुसतं उडत राहायला जे लागतात त्यांच्यावर. तेवढी ताकद तगडा सायकलपटू घाटात लावतो, सत्तर किलोचा. स्नायूत नसेल तर वेग खर्चून उंची मिळवता येते. पण वेग १५ वरून ११ वर आला, की पंखाचा कल तोच असताना उचल निम्म्यावर येते. भरपाईला कल वाढवायचा, आणि कल वाढवला की तो मघाचा शब्द: स्टॉल.

रस्त्यावर भरलेला ट्रक असा वळत नाही, हे आपल्याला समजतं. ट्रकसमोर आपण वळणाच्या कितीतरी आधी फलक लावतो. पण पक्ष्याच्या बाबतीत आपल्याला वाटतं, की पंख आहेत ना!

“दिसत नाही का त्यांना?”

नाही दिसत. वरच्या गणितात मी ३० मीटरवर तार दिसली असं धरलं, ती उदारता होती.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. आजूबाजूचं सगळं दिसावं, लांडगा-कोल्हा वेळेत कळावा, म्हणून. समोरचं बघायला मात्र अरुंद पट्टी उरते. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या कोरी बस्टर्ड या माळढोकाच्या भाईबंदाची नजर मोजली. उडताना त्याने डोकं २५ अंश खाली झुकवलं, की ज्या दिशेने तो चालला आहे तिकडचं त्याला काहीच दिसत नाही. आणि असे पक्षी उडताना खालची जमीन न्याहाळत असणार, कारण त्यांचं खाणं, त्यांचे सोबती खालीच असतात. लाखो वर्षं माळावरच्या आभाळात आडवं आलेलं असं काही नव्हतंच. समोर बघायची सवय लागणार कशी?

“मग तारांना चकत्या लावू.” हे उत्तर सगळ्यांना आवडतं, कारण ते स्वस्त आहे. तारांवर चमकणाऱ्या, फिरणाऱ्या चकत्या, ज्यांना बर्ड डायव्हर्टर म्हणतात. ज्या पक्ष्यांना त्या दिसतात, त्यांचे जीव त्यांनी वाचतात, आणि त्या लावायलाच हव्यात. पण दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागात यावर मोठा प्रयोग झाला, २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. क्रौंचांसारख्या मोठ्या पक्ष्यांचे मृत्यू चकत्यांमुळे घटले. बस्टर्डचे घटले नाहीत. जो समोर बघतच नाही, त्याला समोरची चकती दाखवून काय उपयोग? म्हणून माळढोकासाठी उत्तर चकती नाही. तार तिथे नसणं किंवा जमिनीखाली असणं, हेच उत्तर आहे.

सूर्य की माळढोक?

भारतीय वन्यजीव संस्थेने थरमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी अंदाज काढला: विजेच्या तारांमुळे वर्षाला ८० हजारांहून जास्त पक्षी मरतात. माळढोक जगात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरले आहेत आणि मादी साधारणपणे एका वेळी एकच अंडं घालते. अशा जातीत वर्षाला चारदोन प्रौढ पक्षी तारांवर गेले, तरी जातीचा हिशेब तिथेच बुडतो.

१९ एप्रिल २०२१ ला सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने माळढोकाच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखाली घ्यायचा आदेश दिला. सरकारने सांगितलं, की एवढ्या मोठ्या क्षेत्रात, एवढ्या उच्च दाबाच्या तारांचं हे होणं शक्य नाही, आणि सौर ऊर्जेचं उद्दिष्ट अडेल. २१ मार्च २०२४ ला न्यायालयाने आपला सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमली.

यावर सोशल मीडियावर दोन तट पडले: विकासवाले आणि पक्षीवाले. दोन्हीकडून एकच चूक होते. सौर ऊर्जा हवी की माळढोक, असा हा प्रश्न नाहीच. सौर ऊर्जा हवीच आहे. हवामान बदलाने माळही मरतील आणि माळढोकही. जवळपास ९९ हजार चौरस किलोमीटरवर सरसकट बंदी व्यवहारात अवघड होती, हेही मान्य. पण थरचा सगळा पसारा सारखा नाही. माळढोक कुठे अंडी घालतात, कुठून कुठे उडतात, हे अभ्यासकांना माहीत आहे. पॅनल जमिनीवर असतात. प्रश्न तारांच्या मार्गाचा आहे, आणि मार्ग कागदावर ठरतो. तो ठरवताना नकाशावर पक्ष्यांच्या वाटांची रेघ मारलेली नसते, कारण आभाळ मोकळं असतं असं त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी शाळेपासून ऐकलेलं असतं. खर्च वाढतो ही सबब खोटी नाही, पण अर्धी आहे. वीज स्वस्त दिसते, कारण तिच्या हिशेबात मेलेला पक्षी धरलेला नाही.

हे राजस्थानचं, आपल्याला काय, असं म्हणू नका. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, त्यात शेकडो गावं आणि शेतकऱ्यांचे अडलेले व्यवहार होते. २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. कागदावर एवढं मोठं आणि जमिनीवर एवढं पोकळ अभयारण्य करून आपण लोकही दुखावले आणि पक्षीही गमावला. आज नान्नजला माळढोक दिसला, तर ती बातमी होते. गोंदियातल्या सारसांच्या डोक्यावरही तारा आहेत. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ एका प्रवासी विमानाच्या धडकेत तीसहून जास्त रोहित मेले. रोहितही लांब मानेचा, लांब पायांचा, हवेत चढायला आधी धावावं लागणारा पक्षी. तोही ऐन वेळी झपकन वळणारा नाही.

आणि आपला मांजा

सरकार, कंपन्या यांना नावं ठेवून मोकळं होणं सोपं आहे. म्हणून एक आपल्या हातातलं.

पक्ष्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत, पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक ताणलेला पडदा असतो. त्याच्या कडेतून एक शीर जाते. ती ताठ राहते म्हणून पंखाला बाक येतो, आणि तो बाक हवा कापत पुढे जातो. नायलॉनचा मांजा नेमका इथे लागतो, कारण उडताना पंखाची हीच कडा सगळ्यात पुढे असते. पीस तुटलं तर पुन्हा येतं. ही शीर तुटली, तर पंख उघडला तरी आकार धरत नाही. टाके घातलेला, जखम भरलेला, खाणारा-पिणारा पक्षी जन्मभर जमिनीवर राहतो. म्हणून “वाचवला” असं लिहून फोटो टाकताना जरा थांबा. तो मेला नाही, एवढंच झालं.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. दर जानेवारीत तो तरी मिळतो. विकणारा विकतो, कारण घेणारा घेतो. पतंगाला उडायला कल लागतो, वारा लागतो. नायलॉन लागत नाही. तो लागतो फक्त दुसऱ्याचा कापायला.

मला पक्ष्यांवरच्या आणखी कविता नको आहेत. “पंख पसर, आभाळ तुझंच आहे” हे आणखी एका पोस्टरवर नको आहे. मला हवंय ते रूक्ष आहे. शाळेत उचलीचं खरं स्पष्टीकरण हवंय, पतंग हातात देऊन. वीजवाहिनीचा मार्ग ठरवणाऱ्या टेबलावर पक्ष्याचं वजन, पंखाचं क्षेत्रफळ आणि वळणाची त्रिज्या मांडणारा एक माणूस हवाय, आणि त्याचं न ऐकता मार्ग ठरवायला मनाई हवीय. पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर “पक्षी वळतील की” म्हणालं, तर वाद घालू नका. फक्त विचारा: किती किलोचा पक्षी, किती वेगाने, आणि किती मीटरवर?